सोपी चिठ्ठी

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, की दाराशी बसवायच्या दगडात ग्रंथालयाच्या स्थापनेचे म्हणून जे साल कोरले आहे ते खरे की खोटे, हे कोणालाच माहीत नाही. ते साल ग्रंथपालबाईंनी लिहिलेल्या पुस्तिकेतून घेतले होते. बाई तिच्यासमोर चार फुटांवर बसल्या होत्या. वर्गात एकतीस मुले होती.

"कोणालाच म्हणजे?" बाईंनी विचारले.

"म्हणजे मॅडम, तुम्हालाही."

मागच्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच खोकल्याचे सोंग आणले.

बुधवारचा हा चौथा तास अकरा वर्षे चालू होता. वेळापत्रकात त्याचे नाव 'ग्रंथालय परिचय' असे होते. मुले त्याला 'तळाचा तास' म्हणत. बाईंच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असे आणि त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर कुठेतरी छापून आलेले एकच वाक्य. डावखुरी माणसे लवकर मरतात. अमुक नदी वर्षाला इतके टन माती वाहून नेते. तमुक राजाला सात भाषा येत होत्या. डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची आणि तीन आठवड्यांत त्या वाक्याचा तळ गाठायचा. हे कोणी लिहिले, त्याने कुठून उचलले, ज्याच्याकडून उचलले त्याने कुठून, असे मागे मागे जायचे. ज्याने स्वतः पाहिले, मोजले किंवा त्याच वेळी नोंदून ठेवले, त्या माणसापाशी थांबायचे. फोनवर सापडले, हे उत्तर चालत नसे.

"फोनवर ते आभाळातून पडलं का?" बाई विचारत. "कोणीतरी बसून टाइप केलं ना? त्याला गाठ."

मुले पाठीमागे त्यांना पुरावाबाई म्हणत. बाईंना हे माहीत होते आणि खरे सांगायचे तर आवडतही होते. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता रुग्णालयात परिचारिका होती. औषधाच्या मात्रांचा एक छापील तक्ता वॉर्डात आला, तेव्हा त्यावर कोणाचेच नाव नाही म्हणून तिने तो भिंतीवर लावू दिला नाही. आठवड्याने तक्त्यात चूक निघाली. तिने बाईंना फोन केला, "मॅडम, तळच नव्हता त्याला." एवढे एकच वाक्य. त्या दिवशी बाई दोन थांबे आधीच बसमधून उतरल्या आणि घरापर्यंत चालत गेल्या होत्या.

या तासाला आता पंख फुटायची वेळ आली होती. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. ग्रंथालयाला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून त्याच दिवशी दाराशी दगडी फलकाचे अनावरण व्हायचे होते. प्राचार्यांनी बाईंना शब्द दिला होता: समितीचे मत चांगले पडले, की हा तास पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांना सक्तीचा करू. बाईंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सक्तीचा झाला नाही, तर बाईंबरोबर तासही घरी जाणार, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. हा तास मागे राहावा, एवढीच बाईंची इच्छा उरली होती.

उभी राहिलेली मुलगी टेलरची. वर्गात तिला 'टेलर'च म्हणत. एरवी फारसे बोलणे नाही, पण बोलली की टाचणी टोचल्यासारखे. तिच्या हाती जी चिठ्ठी आली होती ती डब्यातली सर्वांत सोपी चिठ्ठी. दरवर्षी बाई एक चिठ्ठी मुद्दाम सोपी टाकत. कोणाचा तरी धीर सुटू नये म्हणून. 'आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय अमुक साली सुरू झाले', एवढेच तिच्यावर असे. तळ दोन पायऱ्यांवर. पहिली पायरी म्हणजे महाविद्यालयाच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती. तिच्या तळटीपेत एका दैनिकातल्या लेखाचा हवाला होता. दुसरी पायरी म्हणजे त्या लेखाचे कात्रण, ग्रंथालयाच्याच फाइलीत चिकटवलेले. दहा वर्षांत दहा मुले त्या कात्रणापाशी थांबली होती आणि बाईंनी दहाही जणांना पूर्ण गुण दिले होते.

"मग तू का नाही थांबलीस?" बाईंनी विचारले.

"कात्रणाच्या उजव्या कडेला अर्धी अक्षरं दिसली, मॅडम."

"अर्धी अक्षरं?"

"शेजारच्या रकान्याची. कात्री तिथून गेलीये. आमच्याकडे कोणी जुनं कापड आणलं, की बाबा आधी उलटं करून कडा बघतात. कडेला अर्धं फूल असलं, की म्हणतात, हे अख्खं कापड नव्हे, याचा उरलेला तुकडा कुठंतरी आहे."

वर्गात कोणी हसले नाही.

मग ती त्या दैनिकाच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने पहिल्या दिवशी उद्या ये म्हटले, दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत म्हटले. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊनच गेली आणि बाकावर बसून जेवली, तेव्हा त्याने बावीस वर्षांपूर्वीच्या अंकांचा बांधीव गठ्ठा काढून दिला. लेख पुढच्या रकान्यात आणखी चार ओळी चालला होता. त्या चार ओळींत लिहिले होते, की वरील माहिती महाविद्यालयाने यंदाच प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतून घेतली आहे.

तिने फळ्यावर तीन चौकोन काढले. पुस्तिका, पहिली आवृत्ती. वृत्तपत्र. पुस्तिका, दुसरी आवृत्ती. आणि बाण. बाण वर्तुळात फिरत होते.

"पुस्तिकेला वृत्तपत्राचा आधार आणि वृत्तपत्राला पुस्तिकेचा. दोघंही एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत, मॅडम. खाली पाय कोणाचेच टेकलेले नाहीत."

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. त्या नव्याने नोकरीला लागल्या होत्या, त्या वर्षी पहिली आवृत्ती त्यांनीच लिहिली होती. साल सांगितले होते त्या वेळच्या बड्या बाबूंनी, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य लिपिकांनी, जिन्यात उभ्याउभ्या. सहा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तळटिपा हव्यातच असा आग्रह झाला. त्यांनी फाइल उघडली, कात्रण दिसले, हवाला दिला. ते कात्रण फाइलीच्या पानावर मावेल एवढे कापणारा हातही त्यांचाच होता. कोपऱ्यात लाल शाईने तारीख आणि सही होती.

"आणखी काही?" त्यांनी विचारले. आवाज नेहमीचाच होता. तो तसा ठेवायला किती कष्ट पडले, हे वर्गाला कळले नाही.

"दाखल नोंदवही, मॅडम. ग्रंथालयात पुस्तक आलं की ज्या वहीत नंबर पडतो ती. क्रमांक एकच्या पुस्तकाची तारीख दगडावरच्या सालाच्या सात वर्षं नंतरची आहे."

"त्याआधीची वही जागा बदलताना हरवली. ही नवी."

"हे कोणी सांगितलं?"

 तेही बड्या बाबूंनीच सांगितले होते.

"नवी वही काढली तर नंबर पुन्हा एकपासून सुरू होत नाहीत ना, मॅडम? तुम्हीच शिकवलंत, दाखल क्रमांक एकदाच पडतो. आणि आधीची पुस्तकं असती तर एखाद्यावर तरी जुना शिक्का सापडला असता. आतल्या खोलीतली सगळी जुनी पुस्तकं मी उघडून पाहिली. एकही नाही."

"आतल्या खोलीला कुलूप असतं."

दाराशी उभ्या असलेल्या मामांनी एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मामा म्हणजे ग्रंथालयाचे परिचर. एकोणतीस वर्षे तिथेच.

"मामा, तुम्हीसुद्धा?"

"मला म्हणाली, धूळ झटकून देते," मामा म्हणाले. "झटकली पण हो. खोटं कशाला बोलू?"

आता मात्र सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग त्या उठल्या, हजेरीपटात मुलीच्या नावापुढे पूर्ण गुण मांडले आणि म्हणाल्या, "अकरा वर्षांत या डब्यातल्या एकाच चिठ्ठीचा तळ मी स्वतः गाठला नव्हता. तो हिने गाठला. तळ नाही, हाच तळ. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. मुलगी खाली बसली आणि तिने वहीत तोंड खुपसले.

दुपारी एक वाजता बाई प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. घाईत असे, एवढेच. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, वहीत खाडाखोड होते. दगडाला खोडरबर नसतो."

"म्हणूनच सांगायला आले, सर."

"परवा समिती येतेय. निमंत्रणं गेलीत. पंचाहत्तर वर्षं म्हणून गेलीत. आता काय सांगू, मोजण्यात घोळ झाला?"

"अडुसष्ट वर्षांची नोंद आहे. त्याआधी ग्रंथालय असेलही, सर. पण आपल्याला माहीत नाही."

"'माहीत नाही' असं कोण दगडावर कोरतं?" ते उठून खिडकीशी गेले, परत आले. "बरं, असं करू. शुक्रवार जाऊ दे. पुढच्या महिन्यात शांतपणे दुरुस्ती करू. आणि कोणी विचारलंच, तर कात्रण मामांनी कापलं. परिचराच्या हातून चूक झाली, विषय संपला. मामांना काय फरक पडतो?"

"कात्रणावर माझी सही आहे, सर. आणि मामांनी कात्री धरली, की कागदाबरोबर टेबलावरचं कापडही कापलं जातं. इतकं सरळ त्यांना जन्मात जमायचं नाही. कोणाचा विश्वास बसणार नाही."

प्राचार्यांना हसू आले. ते त्यांनी दाबले.

"तुमच्या तासाचं काय? हे मी तुमच्याच भल्यासाठी बोलतोय. समितीसमोर ग्रंथपालच चुकीच्या निघाल्या, तर त्यांचा तास सक्तीचा करा हे मी कोणत्या तोंडानं मांडू?"

 बाई तशाच परत आल्या. संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी पुस्तके दिली-घेतली, दोनदा चुकीच्या तारखेचा शिक्का मारला, आणि मामांनी दोन्ही वेळा पुस्तक परत पुढे सरकवले.

घरी त्यांचे यजमान भाजी निवडत बसले होते. ते एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचे काम करीत. सकाळची पाळी असली की संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे.

"चेहरा का असा? कोणी पुस्तक फाडलं?"

"मी फाडलंय. बावीस वर्षांपूर्वी."

बाईंनी सगळे सांगितले. ते भाजी निवडत ऐकत होते. फक्त कापडाच्या कडेला अर्धे फूल या जागी त्यांचा हात थांबला.

"टेलरची मुलगी म्हणालीस ना? हुशार आहे."

"अहो, तिचं नाही, माझं सांगा. काय करू?"

"मला काय विचारतेस? तुला माहितीये."

"तरी सांगा."

"आमच्याकडे मशीन चुकतं कधीतरी. कळतं तोवर चाळीस रिपोर्ट बाहेर गेलेले असतात. मग एकेकाला फोन करायचा. साहेब, परत या, रक्त पुन्हा द्या. काय शिव्या देतात लोक! सुई पुन्हा टोचणार म्हटल्यावर कोण आरती ओवाळणार?"

"मग?"

"मग काही नाही. करतो फोन. एकदा एका बाईनं शिव्या दिल्या, मग म्हणाली, यापुढं तुमच्याकडेच येईन, निदान तुम्ही सांगता तरी." त्यांनी भाजीचे भांडे नळाखाली धरले. "पण तुझा तास जाऊ शकतो. ते मी गोड करून सांगणार नाही."

"मला तेच ऐकायचं नव्हतं."

"म्हणूनच तर मला विचारलंस."

गुरुवारी बाईंनी दोन कामे केली. पुस्तिकेच्या शिल्लक प्रतींसाठी एक शुद्धिपत्र टाइप केले: 'ग्रंथालयाच्या स्थापनेचे साल विश्वसनीय पुराव्याविना छापले गेले. चूक लेखिकेची आहे.' खाली स्वतःचे नाव. मामांनी त्याच्या पट्ट्या कापल्या, एकही सरळ आली नाही, आणि दिवसभर दोघांनी त्या चिकटवल्या. दुसरे काम म्हणजे, बडे बाबू तर वारले होते, पण त्यांची मुलगी दुसऱ्या गावी शिक्षिका होती; तिला पत्र लिहिले. वडिलांचे जुने कागद आहेत का, त्यांनी हे साल कशावरून सांगितले असेल, एवढेच विचारले. टेलरच्या मुलीला त्या काहीच बोलल्या नाहीत. तीच चार वाजता आली.

"मॅडम, वर्गातली मुलं म्हणतायत, माझ्यामुळं तास बंद होणार."

"मुलांना हे कोणी सांगितलं?"

"ऑफिसात ऐकलं म्हणे."

"ज्यानं ऐकलं त्याचं नाव?"

मुलगी नाइलाजाने हसली. "तळ नाही लागला."

"मग घरी जा. उद्या समितीसमोर कोणाचा तरी शोध मांडायचाय. नदीवाला मुलगा तयार आहे."

"आणि माझा?"

बाईंनी शुद्धिपत्राची पट्टी बोटावरच्या डिंकातून सोडवली. "तुझा मांडायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही," त्या म्हणाल्या. खोटे त्यांना बोलवले नाही.

शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी समितीचे तीन सदस्य ग्रंथालयात आले. अध्यक्षा एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. पांढरे केस, हातात स्वतःची वही, आणि चहाला नकार. दाराशी दगड पिवळ्या कापडाखाली उभा होता. प्राचार्यांनी तासाची ओळख करून दिली, फार चांगली करून दिली, आणि नदीवाल्या मुलाला खूण केली. त्याने नदीची माती थेट एका जुन्या धरण-अभियंत्याच्या मोजणी-तक्त्यापर्यंत नेऊन दाखवली. सदस्यांनी माना डोलावल्या.

"छान," अध्यक्षा म्हणाल्या. "पण जमलेला शोध सगळेच दाखवतात. एखादा फसलेला आहे का? तळ न लागलेला?"

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिले. ती नजर धमकीची नव्हती, विनवणीची होती. बाईंनी एकतीस मुलांकडे पाहिले. टेलरची मुलगी खिडकीजवळ होती. तिने हात वर केला नव्हता. ती जमिनीकडे बघत होती, आणि नेमके तेच बाईंना सहन झाले नाही. या वर्गात शोध लागला म्हणून कोणी मान खाली घालून बसावे, यासाठी त्यांनी अकरा वर्षे घातली नव्हती.

"आहे," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे आणि शोध हिचा. ये गं, तू सांग."

मुलगी पुढे आली. तिने खडू हातात घेतला. तीन चौकोन, बाण, वर्तुळ. कात्रणाची फाइल तिने अध्यक्षांच्या हातात दिली. अध्यक्षांनी चष्मा वर सारून कड पाहिली, अर्ध्या अक्षरांवरून बोट फिरवले, कोपऱ्यातली लाल सही वाचली आणि एकदा बाईंकडे बघितले.

"म्हणजे बाहेर कापडाखाली जे साल आहे..."

"ते याच वर्तुळातलं आहे," मुलगी म्हणाली.

"मग ग्रंथालय किती वर्षांचं?"

"अडुसष्ट वर्षांचा पुरावा आहे. त्याआधीचं माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज मी दगडावर कोरणार नाही, मॅडम."

समितीतला एक सदस्य मोठ्याने हसला. अध्यक्षा हसल्या नाहीत; त्यांनी वहीत काहीतरी लिहिले, बराच वेळ लिहिले. बाईंना ते उलटे दिसत होते, वाचता येत नव्हते. त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्या मुलीकडे बघत होत्या. खडूने माखलेली बोटे ओढणीला न पुसता ती लांब धरून उभी होती. शिंप्याच्या घरचे वळण. आपण बावीस वर्षांपूर्वी जिन्यात उभे राहून बड्या बाबूंना जे विचारायला हवे होते, ते या मुलीने विचारले, आणि विचारायचे तिला आपण शिकवले.  लाज होतीच, पण ती आता बाजूला बसली होती, जागा अभिमानाने घेतली होती.

बाहेर पडताना प्राचार्य दगडापाशी थांबले. दोरी त्यांच्या हातात होती. दोन छायाचित्रकार सरसावले. प्राचार्यांनी दोरी पुन्हा खुंटीला गुंडाळली आणि म्हणाले, "अनावरण पुढे ढकललं आहे. नोंदी तपासून घेतोय." मग हलक्या आवाजात बाईंना, "मॅडम, आज तुम्ही माझं आयुष्य दहा वर्षांनी कमी केलंत."

"पुरावा, सर?" मामा मागून पुटपुटले, आणि पुढच्याच क्षणी खुर्च्या उचलायला लागले.

त्या संध्याकाळी टेलर स्वतः ग्रंथालयाच्या दाराशी आला, गळ्यात मापाची फीत तशीच. आत यायला संकोचत होता. "पोरीनं काही वावगं केलं का, बाई? दोन दिवस धड जेवली नाही," त्याने विचारले. बाईंनी त्याला आत बसवले, कात्रणाची फाइल उघडून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "कड बघा." त्याने फाइल आधी दिव्याकडे तिरकी धरली, मग बोटाने कड चाचपली. "हं," तो म्हणाला, "तुकडा आहे." मग उठताना त्याने विचारले, मुलीला पुढे हेच शिकायचे असेल तर कुठे शिकवतात.

तपासणी समितीचा अहवाल सहा आठवड्यांनी येतो. आता दोन आठवडे झाले आहेत, तो अजून आलेला नाही. बड्या बाबूंच्या मुलीचे उत्तर आले: वडिलांची एक पेटी माळ्यावर आहे, शाळेला सुट्टी लागली की उघडून बघते. दगड दाराशी कापडाखाली आहे. महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीची बैठक मात्र त्याआधीच, येत्या सोमवारी अकरा वाजता आहे. विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर 'ग्रंथालय परिचय: सर्व शाखांना सक्तीचा करणे अथवा बंद करणे' असे लिहिले आहे, आणि तो विषय प्राचार्यांनी स्वतः मांडला आहे. ते कोणत्या बाजूने बोलणार, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही.